रक्कम दिसत नाही, तरी हिशेब जुळतो: खासगीपणा जपणारे ओपन सोर्स क्रिप्टोचलन कसे घडते

बिटकॉइन निनावी असते, हा समज अजूनही बऱ्याच जणांच्या मनात घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे खातेवहीतला व्यवहारांचा पहिला गठ्ठा, तयार झाला. तेव्हापासून आजवर झालेला प्रत्येक व्यवहार, त्यातली रक्कम, ती ज्या पत्त्यावरून निघाली तो पत्ता आणि जिथे पोहोचली तो पत्ता, हे सारे कोणालाही, कुठूनही, फुकट वाचता येते. या खातेवहीत माणसांची नावे नसतात, अक्षरे आणि अंक यांनी बनलेले पत्ते असतात, एवढाच काय तो आडोसा. नाणी विकत घेण्याच्या एखाद्या बाजारपेठेत, म्हणजे एक्स्चेंजवर, ओळखपत्र देऊन खाते उघडले किंवा देणगी मागण्यासाठी आपला पत्ता जाहीर केला, की तोही उरत नाही. शिवाय एकाच व्यवहारात दोन पत्त्यांवरची नाणी एकत्र खर्च झाली, तर ते दोन्ही पत्ते एकाच मालकाचे असणार, हे बिटकॉइनच्या २००८ मधील मूळ आराखड्यातच कबूल केलेले आहे. अशा धाग्यांवरून पत्त्यांचे गुच्छ बांधणे आणि त्यांच्या मालकांपर्यंत पोहोचणे हा आता विश्लेषण कंपन्यांचा नेहमीचा व्यवसाय झाला आहे. नोंद कधीच पुसली जात नसल्यामुळे आज लागलेला सुगावा दहा वर्षांपूर्वीच्या व्यवहारांचेही बिंग फोडतो.

मात्र हा उघडेपणा निष्काळजीपणातून आलेला नाही. बँकेत हिशेब बँक सांभाळते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. क्रिप्टोचलनात असा मध्यस्थ नसल्यामुळे जगभर पसरलेले हजारो संगणक, म्हणजे नोड, प्रत्येक व्यवहार स्वतः तपासतात. खर्च करणाऱ्याजवळ तेवढी रक्कम होती का, तेच नाणे त्याने आधी कुठे वापरले तर नाही ना, आणि व्यवहाराच्या निमित्ताने कुणी हवेतून नवे पैसे निर्माण केले नाहीत ना, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय व्यवहार मान्य होत नाही. सगळे काही उघड्यावर ठेवले तर ही तपासणी अगदी सोपी होते. खासगीपणा जपणारे चलन बनवणाऱ्यांना मात्र पाठवणारा, घेणारा आणि रक्कम झाकूनही हे तिन्ही प्रश्न अनोळखी संगणकांना तपासता येतील, अशी व्यवस्था उभी करावी लागते. म्हणूनच अशा चलनाचा कोड उघडा असणे ही माझ्या मते सोयीची किंवा तत्त्वाची बाब नसून बांधकामाची गरज आहे, कारण जिथे व्यवहार डोळ्यांनी पाहता येत नाहीत, तिथे पाहण्यासारखे उरते ते फक्त गणित आणि ते राबवणारा कोड.

डिजिटल पैशात खासगीपणा असावा, हा विचार बिटकॉइनपेक्षा बराच जुना आहे. डेव्हिड चॉम या संशोधकाने १९८२ मध्ये ‘आंधळी सही’ ही पद्धत मांडली, जिच्यात बँक नाण्यावर सही करते, पण नंतर ते नाणे परत आल्यावर आपण ते कुणाला दिले होते हे तिला ओळखता येत नाही. या कल्पनेवर उभी राहिलेली त्यांची डिजीकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. गणित बरोबर होते, पण सारी व्यवस्था नाणी देणाऱ्या एका संस्थेवर टेकलेली होती. पुढच्या पिढीने हा आधारच काढून टाकला आणि त्यामुळे काम कित्येक पटींनी अवघड झाले.

रक्कम झाकून बेरीज कशी तपासायची

तीन गोष्टींपैकी रक्कम झाकण्याची युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते आणि ती साध्या अंकगणितातही दाखवता येते. समजा, सर्वांना माहीत असलेल्या दोन संख्या आपण ठरवल्या: ७ आणि ११. आता कोणतीही रक्कम लिहायची झाली, तर तिला ७ ने गुणायचे, मनात एक गुप्त संख्या धरून तिला ११ ने गुणायचे आणि दोन्हींची बेरीज तेवढी जाहीर करायची. माझ्याजवळ १० नाणी आहेत आणि माझी गुप्त संख्या ४ आहे, तर जाहीर होणारा आकडा ७० अधिक ४४, म्हणजे ११४. यातली ६ नाणी मी कुणाला तरी दिली आणि ४ स्वतःकडे परत घेतली. सहाच्या नोंदीसाठी गुप्त संख्या १ धरली, तर आकडा ५३ येतो, आणि चारच्या नोंदीसाठी ३ धरली, तर ६१ येतो. तपासणाऱ्या नोडला १०, ६ किंवा ४ यांपैकी काहीच दिसत नाही. त्याला ११४, ५३ आणि ६१ एवढेच दिसतात, पण ५३ आणि ६१ यांची बेरीज ११४ होते, हे तो स्वतः करून पाहू शकतो. आत गेले तेवढेच बाहेर आले, एवढी खात्री त्याला पुरते.

टॉर्बेन पेडरसन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला पेडरसन कमिटमेंट म्हणतात. बिटकॉइनच्या विकासकांपैकी ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०१५ मध्ये तिच्यावर आधारलेल्या गोपनीय व्यवहारांचा सविस्तर आराखडा दिला आणि जानेवारी २०१७ मध्ये मोनेरो या चलनाने ती आपल्या जाळ्यात प्रत्यक्ष सुरू केली. खऱ्या व्यवहारात ७ आणि ११ यांच्या जागी एका विशिष्ट वक्ररेषेवरचे दोन बिंदू असतात आणि गुप्त संख्या सुमारे ७६ अंकी असते, त्यामुळे वरच्या उदाहरणासारखे अंदाजाने उत्तर काढणे शक्य नसते.

पण इथे एक भोक राहते आणि ते पाहण्यासारखे आहे. समजा, मी माझ्या १० नाण्यांमधून दोन नोंदी तयार केल्या: एक १०१० नाण्यांची आणि दुसरी उणे १००० नाण्यांची. पहिल्या नोंदीची गुप्त संख्या ३ धरली तर आकडा ७१०३ येतो, दुसरीची १ धरली तर उणे ६९८९ येतो आणि दोन्हींची बेरीज पुन्हा अगदी बरोबर ११४ होते. हिशेब जुळला, आणि मी हवेतून हजार नाणी तयार केली. वक्ररेषेवरच्या गणितात उणे संख्या वेगळी ओळखूही येत नाही. तिथे ती एखाद्या प्रचंड मोठ्या संख्येसारखीच दिसते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ‘ही रक्कम शून्यापासून एका ठरलेल्या मर्यादेपर्यंतच आहे’ असा वेगळा पुरावा जोडावा लागतो आणि तोही रक्कम न सांगता द्यावा लागतो. सुरुवातीला हे पुरावे एवढे मोठे होते, की व्यवहारातली बहुतेक जागा तेच खात. २०१७ च्या अखेरीस मांडलेल्या बुलेटप्रूफ नावाच्या पद्धतीने ते आटोपशीर झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोनेरोने ही पद्धत स्वीकारली तेव्हा व्यवहारांचा आकार सुमारे ८० टक्क्यांनी घटला आणि त्याबरोबर शुल्कही उतरले. त्याआधी कुडेल्स्की सिक्युरिटी आणि क्वार्क्सलॅब या संस्थांकडून त्या कोडचे स्वतंत्र परीक्षण करून घेण्यात आले होते.

सुरुवातीच्या ७ आणि ११ या दोन ठरीव संख्या कुणी आणि कशा निवडल्या, या प्रश्नावर तर सारे चलन उभे असते. त्या दोघींमधले गुप्त नाते कुणाला माहीत असेल, तर तो जाहीर झालेला आकडा तसाच ठेवून आतली रक्कम हवी तशी बदलू शकतो, आणि ते कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून मोनेरोत दुसरा बिंदू पहिल्या बिंदूच्या हॅशमधून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने निघणाऱ्या आणि उलट वळवता न येणाऱ्या ठशामधून, काढलेला आहे. ही कृती कोडमध्ये लिहिलेली आहे, ती कोणीही पुन्हा करून पाहू शकतो आणि निवडणाऱ्याने मागे काही लपवून ठेवले नाही याची खात्री करून घेऊ शकतो. कोड बंद असता, तर त्या बिंदूवर केवळ विश्वास ठेवावा लागला असता आणि मग मध्यस्थ काढून टाकण्याला अर्थच उरला नसता.

घेणारा आणि पाठवणारा

घेणाऱ्याला झाकणे त्या मानाने सोपे आहे. त्याच्या जाहीर पत्त्यात दोन सार्वजनिक किल्ल्या, म्हणजे मोठ्या संख्या, असतात; त्यांच्या जोडीच्या दोन गुप्त किल्ल्या, एक पैसे पाहण्याची आणि एक खर्चाची, त्याच्याकडेच राहतात. पाठवणारा दर वेळी एक नवी गुप्त संख्या निवडतो, तिच्या आणि त्या किल्ल्यांच्या आधारे एकदाच वापरायचा पत्ता तयार करतो आणि पैसे तिथे पाठवतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे ब्लॉकांच्या त्या उघड्या खातेवहीत, हा एकदाचा पत्ताच दिसतो, जाहीर पत्ता कधीच उमटत नाही. यातली अडचण घेणाऱ्याच्या वाट्याला येते. आपले पैसे कोणते हे कळण्यासाठी त्याच्या वॉलेटला, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला, प्रत्येक नवा व्यवहार आपल्या पाहण्याच्या किल्लीने तपासत बसावे लागते आणि मोबाइलवर हे काम फार संथ होते. ऑगस्ट २०२२ मध्ये मोनेरोने प्रत्येक नोंदीवर एका बाइटची खूण ठेवायला सुरुवात केली. ही खूण जुळली नाही तर पुढची आकडेमोड सोडून देता येते आणि परक्या नोंदींपैकी २५६ मधल्या साधारण २५५ अशाच सुटतात. पाहण्याची किल्ली खर्चाच्या किल्लीपासून वेगळी असल्यामुळे आणखी एक सोय झाली. एखाद्या संस्थेला आपल्या लेखापरीक्षकाला जमा रकमा दाखवायच्या असतील, तर ती फक्त पाहण्याची किल्ली त्याच्या हाती देऊ शकते.

पाठवणाऱ्याला झाकणे सर्वांत कठीण. त्यासाठी मोनेरो जी पद्धत वापरते तिचे मूळ २००१ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि टॉमन यांनी मांडलेल्या वलयी सहीत आहे. एखाद्या गटातल्या कुणीतरी सही केली आहे एवढे सिद्ध व्हावे, पण नेमके कुणी केली ते कळू नये, हा तिचा हेतू होता. आज मोनेरोच्या व्यवहारात खर्च होणाऱ्या खऱ्या नाण्याच्या बाजूला ब्लॉकचेनवरची इतरांची १५ नाणी उभी केली जातात आणि या १६ पैकी एकाच्या मालकाने सही केली आहे, असे सिद्ध केले जाते. कोणते नाणे खर्च झाले हेच कळत नसेल, तर तेच नाणे दुसऱ्यांदा खर्च होताना कसे पकडायचे? यासाठी प्रत्येक खर्चाबरोबर त्या नाण्याच्या गुप्त किल्लीतून काढलेली एक खूण जाहीर करावी लागते, जिला की-इमेज म्हणतात. तिच्यावरून मूळ नाणे ओळखता येत नाही, पण त्याच नाण्याची खूण दर वेळी तीच निघते. नोड फक्त ही खूण आधी कधी आली होती का, एवढेच पाहतो.

हे सारे कागदावर निर्दोष होते आणि तरीही कोडमध्ये एक चूक राहिली. ही पद्धत ज्या वक्ररेषेवर चालते, तिच्यावर मुख्य गटाबाहेरचे काही मोजके बिंदू असतात. खऱ्या की-इमेजमध्ये त्यातला एखादा बिंदू मिसळला, तर सही तपासणीत उत्तीर्ण होत असे, पण खूण मात्र नवी दिसत असे, म्हणजेच एकच नाणे पुन्हा खर्च करता येत असे. क्रिप्टोनोट या मूळ आराखड्यावर बेतलेल्या सगळ्याच चलनांमध्ये हा दोष होता. मोनेरोच्या विकासकांना तो फेब्रुवारी २०१७ मध्ये सापडला. त्यांनी गाजावाजा न करता दुरुस्ती केली, इतर प्रकल्पांना कळवले आणि मे महिन्यात सारा तपशील जाहीर केला. की-इमेज उघड असल्यामुळे जुनी सगळी ब्लॉकचेन तपासून पाहता आली. मोनेरोत गैरवापर झालेला आढळला नाही, बाइटकॉइन या चलनात मात्र तो झाला होता. दुरुस्ती होती एका ओळीच्या तपासणीएवढी: आलेला बिंदू मुख्य गटातलाच आहे ना, हे पाहणे.

सारेच झाकले तर

दुसरा मार्ग याहून धीट आहे. २०१३ मधील झिरोकॉइन आणि २०१४ मधील झिरोकॅश या संशोधनांतून ऑक्टोबर २०१६ मध्ये झीकॅश हे चलन सुरू झाले. इथे १६ जणांच्या घोळक्यात लपण्याऐवजी ‘आजवर झाकल्या गेलेल्या सर्व नाण्यांपैकी एक माझे आहे, ते मी आधी खर्च केलेले नाही आणि बेरीज जुळते’ हे संपूर्ण विधान एका छोट्या पुराव्याने सिद्ध केले जाते. अशा पुराव्याला शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात, कारण विधान खरे आहे यापलीकडे तो काहीही सांगत नाही. घोळका जितका मोठा, तितका आडोसा पक्का, या न्यायाने हा मार्ग सरस आहे.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. पहिली, सुरुवातीचे ठरीव आकडे तयार करताना एक गुप्त संख्या जन्माला येत होती आणि ती ज्याच्या हाती लागेल त्याला खोटी नाणी पाडता आली असती. म्हणून २०१६ मध्ये सहा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी तिचे तुकडे बनवून ते नष्ट केले. सहांपैकी एकानेही प्रामाणिकपणे आपला तुकडा नष्ट केला असेल तर व्यवस्था सुरक्षित राहते, पण तो केला हे कोडवरून सिद्ध होत नाही, त्या माणसावर विश्वासच ठेवावा लागतो. त्या सहांमध्ये अमेरिकी हेरगिरीची गुपिते फोडणारे एडवर्ड स्नोडेनही टोपणनावाने होते, हे २०२२ मध्ये उघड झाले. त्याच वर्षी मे महिन्यात झीकॅशने हॅलो २ या पद्धतीवरची नवी व्यवस्था सुरू केली, जिला तुकडे बनवून नष्ट करण्याच्या अशा विधीची गरजच उरली नाही. मला हे त्या प्रकल्पाचे सर्वांत मोठे यश वाटते.

दुसरी किंमत अधिक बोलकी आहे. १ मार्च २०१८ रोजी एरियल गॅबिझॉन या झीकॅशच्याच संशोधकाला पुराव्याच्या मूळ रचनेत एक चूक आढळली. सुरुवातीच्या विधीत जाहीर झालेल्या आकड्यांमध्ये काही आकडे अनावश्यक होते आणि त्यांच्या आधारे खोटी नाणी बनवता आली असती. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला आलेल्या नव्या आवृत्तीत हा दोष कायमचा निघाला आणि ५ फेब्रुवारी २०१९ रोजी तो जाहीर करण्यात आला. मोनेरोला आपली जुनी ब्लॉकचेन चाळून गैरवापर झाला की नाही हे पाहता आले होते, झीकॅशला तसे थेट पाहता येईना, कारण पाहण्यासारखे सगळेच झाकलेले होते. त्यांच्या हाती एकच कसोटी होती: झाकलेल्या साठ्यात जितकी नाणी उघडपणे आत गेली, त्याहून अधिक कधी बाहेर आली का? तसे झालेले आढळले नाही आणि त्याहून अधिक बाहेर येऊ न देण्याचा नियम पुढे चलनाच्या नियमावलीतच घालण्यात आला. असे चलन बांधणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. झाकण जितके घट्ट, तितकी आतली चूक उशिरा कळते; म्हणून चूक झालीच तर तिचे नुकसान कुठवर जाईल, ही मर्यादाही आराखड्यातच घालून ठेवावी लागते.

गणित बरोबर असूनही निसटणारी माहिती

खासगीपणा ऐच्छिक ठेवला, तर तो वापरणारे थोडे असतात आणि थोड्यांच्या घोळक्यात लपणे कठीण असते. झीकॅशमध्ये उघडे आणि झाकलेले असे दोन्ही व्यवहार चालतात. एखाद्याने झाकलेल्या साठ्यात एक विचित्र अपूर्णांकी रक्कम टाकली आणि थोड्याच वेळात तेवढीच रक्कम बाहेर काढली, तर पुरावा कितीही भक्कम असला तरी दोन्ही टोके जुळवता येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने अशाच साध्या आडाख्यांनी लपलेल्यांचा घोळका बराच आक्रसून दाखवला होता.

मोनेरोलाही हे शिकावे लागले. सुरुवातीच्या काळात साथीला इतरांची नाणी घेणे सक्तीचे नव्हते आणि निम्म्याहून अधिक खर्च एकट्यानेच झाले. जे एकटे गेले, ते खर्च झाले हे सर्वांना कळले. मग दुसऱ्या व्यवहारांत तीच नाणी आडोशाला उभी असतील तर ती वगळता येऊ लागली आणि त्यातून आणखी व्यवहार उघडे पडत गेले. मार्च २०१६ पासून किमान दोन नाण्यांची साथ सक्तीची झाली, पुढे ही संख्या वाढत गेली आणि रक्कम झाकणेही सप्टेंबर २०१७ पासून सक्तीचे झाले. केवळ संख्या वाढवूनही भागत नाही. माणसे बहुधा नुकतेच मिळालेले नाणे आधी खर्च करतात. आडोशाची नाणी मात्र जुन्या साठ्यातून सरसकट निवडली, तर घोळक्यातले सर्वांत नवे नाणे खरे, हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. म्हणून आडोशाची निवडही लोकांच्या खर्चाच्या सवयीसारखी दिसली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये याच निवडीच्या कोडमध्ये आणखी एक चूक सापडली: मिळालेले नाणे साधारण वीस मिनिटांनी, म्हणजे ते खर्चासाठी मोकळे होताच, कुणी खर्च केले तर ते ओळखता येण्याची शक्यता बरीच होती. वलयात १६ ऐवजी ब्लॉकचेनवरची सगळीच नाणी सामील करण्याचे जे काम सध्या मोनेरोत चालू आहे, ते या निवडीच्या प्रश्नातून कायमचे सुटण्यासाठीच आहे.

ब्लॉकचेनच्या बाहेरही माहिती गळते. व्यवहार सर्वप्रथम कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या संगणकावरून, जाळ्यात आला, हे अनेक नोड चालवणाऱ्याला कळू शकते. डँडेलियन प्लस प्लस या पद्धतीत व्यवहार आधी एका नोडकडून दुसऱ्याकडे असा एकेरी वाटेने काही टप्पे जातो आणि मगच सर्वत्र पसरवला जातो, त्यामुळे उगमाचा माग लागणे अवघड होते. मोनेरोने ती २०२० मध्ये घेतली. टॉरसारख्या, इंटरनेटवरचा उगम लपवणाऱ्या जाळ्याचा आधार घेतला तर आणखी बरे.

उघडा कोड म्हणजे नेमके काय

कोड जाहीर ठेवला आणि मोकळा परवाना दिला, म्हणजे काम संपले असे नाही. मोनेरो बीएसडी परवान्याखाली आणि बिटकॉइनचा मुख्य प्रोग्राम एमआयटी परवान्याखाली आहे. दोन्ही परवाने कोणालाही कोड घेऊन बदलण्याची मुभा देतात आणि एप्रिल २०१४ मध्ये मोनेरो स्वतःही बाइटकॉइनच्या कोडमधूनच वेगळे झाले होते. पण लोक कोड वाचून चलन वापरत नाहीत, ते तयार प्रोग्राम उतरवून घेतात. जाहीर कोडमधून तोच प्रोग्राम बनला आहे, याची खात्री कशी करायची? त्यासाठी कोणत्याही संगणकावर बांधला तरी बाइटन् बाइट तोच प्रोग्राम निघेल, अशी बांधणी लागते. ती असेल तर अनेक विकासक स्वतंत्रपणे प्रोग्राम बांधतात, त्याचे हॅश जुळवतात आणि त्यांवर सह्या करतात.

हे किती गरजेचे आहे, ते नोव्हेंबर २०१९ मध्ये दिसले. मोनेरोच्या अधिकृत ठिकाणी ठेवलेली वॉलेटची फाइल कुणीतरी काही काळ बदलली होती आणि ती फाइल वापरकर्त्यांची किल्ली चोरत होती. एका वापरकर्त्याने फाइल उतरवल्यावर तिचा हॅश काढला, तो जाहीर हॅशशी ताडून पाहिला, दोन्ही जुळत नाहीत हे कळवले आणि मगच प्रकार उघडकीला आला. तपासण्याची सोय सर्वांना होती, एकाने ती वापरली.

नियम बदलायचे तर सर्व नोडना नवी आवृत्ती घ्यावी लागते आणि ज्यांना बदल मान्य नाही, ते जुन्या नियमांवर वेगळे होऊ शकतात. विकासकांकडे सक्तीची कसलीच सत्ता नसते. पैशाचा प्रश्न इथेच येतो. झीकॅशने पहिली चार वर्षे नव्या नाण्यांतला २० टक्के वाटा संस्थापक, गुंतवणूकदार आणि विकास यांसाठी ठेवला, तर मोनेरोने कुणासाठीही वाटा न ठेवता देणग्यांवर काम चालवले. पहिल्या मार्गाने महागडे संशोधन झाले, दुसऱ्याने विश्वास कमावला. मला दुसरा मार्ग अधिक पटतो, पण त्यात कामाची गती मंदावते हे नाकारता येत नाही.

कायद्याची बाजूही विकासकांना टाळता येत नाही. गुन्हेगारही ही चलने वापरतात, हे खरे आहे आणि ते झाकून वकिली करण्यात अर्थ नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार १० जुलै २०२७ पासून तिथल्या क्रिप्टो सेवा देणाऱ्या कंपन्यांना अशी चलने हाताळता येणार नाहीत. स्वतःच्या वॉलेटमध्ये ती ठेवणाऱ्या व्यक्तींवर मात्र हा नियम लागू नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये टॉर्नेडो कॅश या, नाण्यांचा माग पुसणाऱ्या ओपन सोर्स साधनावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कुणालाही बदलता न येणारा कोड ही कुणाची मालमत्ता नव्हे, असा निर्णय दिला आणि मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. तरीही त्याच साधनाच्या एका विकासकाला नेदरलँड्समध्ये तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली, तर दुसरा अमेरिकेत एका आरोपात दोषी ठरला. कोड लिहिणे आणि सेवा चालवणे यांच्यातली रेषा अजून पुसट आहे आणि काम हाती घेण्याआधी ती समजून घेणे आवश्यक आहे.

शेवटचा प्रश्न काळाचा. पुरेसा शक्तिशाली क्वांटम संगणक उद्या तयार झाला, तर आजच्या ब्लॉकचेनवरच्या झाकलेल्या नोंदी तेव्हाही तिथेच असतील. रक्कम बांधून ठेवणाऱ्या कोणत्याही पद्धतीत एक अटळ निवड असते: ती कितीही ताकदीच्या संगणकापासून रक्कम लपवू शकते किंवा कितीही ताकदीच्या संगणकाला रक्कम बदलण्यापासून रोखू शकते, पण एकाच वेळी दोन्ही करू शकत नाही. पेडरसन पद्धत लपवण्याच्या बाजूची आहे; असा संगणक आला तर तिच्यातून रक्कम बाहेर येणार नाही, खोटी नाणी मात्र पाडता येतील. प्रत्यक्षात मोनेरोत घेणाऱ्याला कळावी म्हणून रक्कम वेगळी सांकेतिक रूपातही पाठवली जाते आणि तो संकेत क्वांटम संगणकापुढे टिकणारा नाही, त्यामुळे लपवण्याचा तो भक्कमपणा पूर्णपणे पदरात पडत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या ग्रिन या चलनाने ही निवड पुढे ढकलण्याची तजवीज केली आहे. त्याच्या नोंदी आज लपवण्याच्या बाजूने काम करतात, पण त्यांच्या गुप्त संख्येतच असा दुवा ठेवलेला आहे, की गरज पडल्यास जाळ्याचा नियम बदलून त्याच नोंदी खोट्या नाण्यांना रोखण्याच्या बाजूला वळवता येतील, आणि तसे केल्यावर त्यांतल्या रकमा अशा संगणकापुढे लपलेल्या राहणार नाहीत.